अल्लीपूरची हवा

लीलाबाई : तुले मी तवाच सांगतलं होतं, मोहिनी. नवरा निवडणुकीत उतरला का मंग त्याचं भाषण ऐकत नको बसू, दारात गाडी कोनाची उभी हाय ते पाह्य. तू हासली.

मोहिनी : हसले, आई. वाटलं, पोटच्या पोरावरही तुमचा भरवसा नाही. आदेशवकील म्हणजे दारूबंदीचा माणूस, गावोगावच्या बायांचे खटले फुकट लढणारा. असंच माहीत होतं मला.

लीलाबाई : मंग आज काय दिसलं?

मोहिनी : ओमप्रकाशची जीप. आपल्या दारात. आपल्याच प्रचाराचा भोंगा लावून.

लीलाबाई : भट्टीवाला ओमप्रकाश? अव माय! शोभाबाई ज्याच्यावर साक्ष देऊन राह्यली, तो?

मोहिनी : तोच. सोमवारी कोर्टात साक्ष आहे तिची. त्यानं माझ्या कडेवरच्या छोटीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाला, "वहिनी, अल्लीपूरची हवा चांगली आहे. शोभाबाईले मानवेल."

लीलाबाई : अल्लीपूर? त्याले कोनं सांगतलं?

मोहिनी : तेच तर. काल ती हिंगणीहून आली, इथंच बसून चहा प्याली. म्हणाली, साक्ष होईपर्यंत घरी झोपत नाही, अल्लीपूरला बहिणीकडे जाते. ऐकायला कोण होतं? तुम्ही, मी आणि हे.

लीलाबाई : माह्याकडे नको पाहू. या गुडघ्यापायी मी उंबरा नाई ओलांडला.

मोहिनी : तुमच्याकडे नाहीच पाहत मी.

लीलाबाई : चूप. आला तो.

आदेश : काय चाललंय सासू-सुनेचं? चहा टाका, बाहेर माणसं बसलीत.

मोहिनी : ओमप्रकाश धरून की सोडून?

आदेश : काऊन असं बोलून राह्यली? जिल्हा परिषद आहे ही, कोर्टातली बाररूम नव्हे. धरणाकडची सगळी गावं त्याच्या शब्दावर चालतात.

लीलाबाई : शोभाबाईचा नवरा बी त्याच्याच दारूनं गेला, बाबू.

आदेश : मले माहीत नाई काय? केस मीच उभी केली ना. त्या केसमुळे तर तिकीट मिळालं.

मोहिनी : आणि आता?

आदेश : आता काय? सोमवारी ती म्हणाली, अंधार होता, दारू देणाऱ्याचा चेहरा नीट दिसला नाही, तर कोणाचं बिघडतं? तिलाही लेकरं आहेत. समजावतील तिला.

मोहिनी : कोण?

आदेश : माणसं आहेत.

मोहिनी : कुठे जाऊन समजावतील?

आदेश : मोहिनी, उलटतपासणी घेणं माझा धंदा आहे, तुझा नाही.

मोहिनी : एकच विचारते. ती कुठे आहे, हे त्याला तुम्ही सांगितलं?

आदेश : मी निवडून येऊ दे. या जिल्ह्यात एक भट्टी राहू देणार नाही. पाहशील तू.

लीलाबाई : हे उत्तर नाई झालं, आदेश.

आदेश : राहू द्या चहा. हॉटेलातून मागवतो.

(तो बाहेर जातो. अंगणात भोंगा सुरू होतो. मोहिनी फोनजवळ बसते.)

लीलाबाई : कोनाले लावते? ठाण्यात?

मोहिनी : ठाण्यात काय सांगू? चेहरा तर माझ्या नवऱ्याचाच दिसतो आहे मला. अल्लीपूरला लावते. कॉलेजातली ज्योत्स्ना तिथं मास्तरीण आहे.

लीलाबाई : लाव. पोरीले दे माह्याजवळ. मी दारात बसतो, कोनी आत नाई येत.

मोहिनी : हॅलो, ज्योत्स्ना? मी मोहिनी. हो, छोटी बरी आहे. ऐक, मोठ्यानं बोलता येत नाही मला. तुमच्याकडे देवळामागे प्रमिलाबाई राहतात, हो, शिवणकाम करणाऱ्या. त्यांची बहीण शोभाबाई काल तिथं आली आहे. नाही, भांडण नाही. तिचा ठिकाणा नको त्या माणसाला कळला आहे. कसा कळला ते विचारू नको. तू आत्ता जा, एकटी नको, सोबत कोणी घे. प्रमिलाबाई म्हणाल्या की झोपली आहे, तर परत फिरू नको. म्हणाल्या की गेली, तर कोणाच्या गाडीनं ते विचार. असली तर तिला तुझ्या घरी ने. नाव घेऊन हाक मारजो, ज्योत्स्ना, आणि तिनं स्वतः ओ दिली का, तेवढं पाहून ये.