सुधीरला उठवलं नाही

आई मंगळवारी गेली. सकाळचे सहा वाजले होते. सुधीर, माझा भाऊ, अमेरिकेत होता. त्याला विमान मिळेना, म्हणून अग्नी मी दिला.

आम्ही मूळचे कोळवणचे. मी तिथंच शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. शेवटची चार वर्षं ती अंथरुणावर होती. पहाटे चारला तिची पहिली गोळी, मग कूस बदलायची, मग चहा, आणि सगळं झालं की विचारायची काय, तर सुधीरचा फोन आला का गं. गोळी घ्यायची माझ्या हातून आणि वाट बघायची त्याची. काय सांगू तुम्हाला, चार वर्षांत असा एक दिवस चुकला नाही.

तो नवव्या दिवशी आला. आपल्याकडं दिवस तेव्हा तिकडं रात्र, त्यामुळे जेवता जेवताच पेंगायला लागला. लगेच मामीनं पांघरूण घातलं, पोरांना अंगणात पिटाळलं, गप ऱ्हावा, काका लांबनं आलाय. मी वाचलेलं होतं की प्रवासात शरीराचं घड्याळ मागं राहतं, अशा वेळी दिवसा निजू नये, ऊन घ्यावं, म्हणून म्हटलं याला जरा बांधावर फिरवून आणा. तर आमचे चुलते, आबा, म्हणाले, बाई, तुजी शाळा ऱ्हाऊ दे, झोपू दे त्याला. त्याच्या जागरणाला नाव होतं, जेटलॅग. माझ्या चार वर्षांच्या जागरणाला नाव नव्हतं, आणि पांघरूणही कुणी घातलं नाही.

रात्रभर तो टक्क जागा राहिला आणि दहाव्याच्या सकाळी, नेमका नदीवर निघायच्या वेळेला, झोपला. आबा म्हणाले, उठीव त्याला. मी म्हटलं, नको, त्याच्या अंगात आत्ता रात्र आहे, झोपू दे. वाचलेलंच सांगत होते, खोटं नव्हतं, पण त्याच्यासाठी सांगत नव्हते. एक सकाळ तरी आई माझी एकटीची असावी, एवढंच होतं मनात.

नदीवर पिंड ठेवला. कावळे समोर झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेना. मी हात जोडून म्हटलं, आई, घर सांभाळीन, तुझी तुळस सांभाळीन, सुधीरवर माया करीन, तेसुद्धा म्हटलं. तास गेला. बायका कुजबुजायला लागल्या, म्हातारीचा जीव ल्योकात अडाकलाय. शेवटी आबांनी जीप पाठवली. सुधीर आला, डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. त्यानं हात जोडले, ओठ हलले, आणि तो मागं सरतो न सरतो तोच कावळा शिवला. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, सांगत व्हतो न्हवं.

त्यानंतर मी सुधीरशी कामापुरतं बोलले. तो परत निघाला त्या दिवशी मात्र राहवलं नाही, गाडीत बसताना विचारलं, काय म्हणालास रे आईला. तो म्हणाला, ताई, मी म्हटलं ताईला एकटं पडू देणार नाही. फोनवर दर वेळी तेवढंच सांगायची ती, माझ्यामागं ताईला बघ.

मला हे ती कधी बोलली नाही. तेही त्यालाच सांगितलं तिनं.

आता गोळी द्यायची नसते, तरी मला चारला जाग येते. थोड्या वेळानं सुधीरचा फोन येतो, तिकडं संध्याकाळ असते. मी उचलते.