पाचवा महिना

पौडच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. थोरली नुकतीच वजनकाट्यावरून उतरली होती.

“अठ्ठ्याहत्तर! दिसभर मी शेरडांमागं चालती, अर्धी भाकरी खाती. आन् तू हापिसात बसून वडापाव खातीस, तरी काडीच!”

“उज्ज्वलाताई, हळू बोल.”

“परवाच्या लग्नात बायकांनी तुजंच कवतिक केलं. मला इचारलं, कितवा म्हैना?”

“मग?”

“पाचवा म्हनलं.”

“ताई!”

“गप तरी बसल्या. पन तू कशाला नंबर लावलास?”

“मलाबी तुज्यावानी पीसीओडीच हाय. चार म्हैने पाळी न्हाई. हनुवटीवर रोज ब्लेड फिरवती.”

“कुटं? बगू.”

“हे बग, हितं.”

“व्हय की गं. बया, आजारबी तुलाच शोभून दिसतोय!”