आडवी भिंत

गोदू : भिंत हाय का चटई, काळूराम? महिना झाला अंगणात पसरून ठेवलीस. अख्खा कोळीवाडा येऊन हसून जातो.

काळूराम : हसू दे. तू रोज पाणी मारलंस ना? मग झालं. सिमिट-खडी कालवून भिंत आडवी ओतायची, आत सळ्या, आणि घट्ट झाली की उभी करायची. परांची नको, वर चढायला माणूस नको.

गोदू : तुला ओटा चढवत न्हाय, म्हणून नको!

काळूराम : व्हय, म्हणूनच. सव्वीस साली मुंबईत परांचीवरून पडलो, तवापासून सहा वर्षं कुणी वीटसुद्धा हातात दिली न्हाय. गोदीत एका साहेबानं असं काम केलेलं बघितलं होतं, तेवढं डोक्यात राहिलं. तू एकटीच हो म्हणालीस.

गोदू : नागावच्या गवंड्यानं बांधलेली माझ्या सुक्या मासळीच्या कोठीची मातीची भिंत गेल्या पावसात बसली. सगळी सुकट कुजली, लोक नाक धरून फिरत होते. ह्या पावसात बोंबील भिजले तर वर्षभर खाऊ काय, तुझं डोकं?

येसाजी : वयनी, माझ्या होडीवरची माणसं आणली. दोन डोलकाठ्या रोवून कप्प्या टांगल्यात. पन ही भिंत वास का मारते?

काळूराम : मुशी माशाचं तेल हाय, तांडेल. जमिनीला चिकटू नये म्हणून खाली फासलंय.

येसाजी : आमी होडीला फासतो, हा भिंतीला. उद्या नवरदेवाला फासशील!

काळूराम : थट्टा मागनं. निम्मे ओढा, निम्मे मागचे दोर धरा. उभी झाली की पलीकडं कलंडायला नको.

येसाजी : चला रं! हैसा! आयला, उठली! वयनी, उठली बघ!

गोदू : खाली बघा! भिंत वाळूत सरकतेय!

काळूराम : ओढू नका! नुसती धरा! ती पाचर दे हिकडं.

गोदू : कुठं चाललास, मेल्या? भिंतीखाली? तुला पळता येत न्हाय!

काळूराम : रांगता येतं.

येसाजी : लवकर रं, बाबा! हात सोलले आमचे!

काळूराम : पाचर बसली! ओढा आता!

(दोर करकरतात.)

येसाजी : उभी हाय. वयनी, तुझी भिंत उभी हाय! टेकू लावा रं! आणि प्यायला माडी काढा कुणीतरी, हा लंगडा आज आमचा जीव घेणार होता.

गोदू : काळूराम, बाहेर ये. उरलेल्या तीन कवा ओततोस? मिठागराचा मुकादम पन कुंपणापाशी उभा होता. कोठी बांधशील का, विचारत होता.

काळूराम : सांगतो. जरा बसू दे.

गोदू : लागलं का कुठं?

काळूराम : न्हाय गं. जन्मभर भिंती वर बसून बांधल्या. ही पयलीच खालनं बघतोय.

गोदू : बघ मग. पेज हितंच आणून देते.