बाकावरची कोरी जागा

टाकाची निब अजूनही मिळते अशा त्या जुन्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

“परवा नेलेली निब अडकते हो. कागदाचे तंतू उपसून येतात.”

“जलरंगाचा कागद खरखरीतच असतो, काका. गोल टोकाची न्या.”

“गोल टोकाने रेघ जाड येते. आमच्या हिची बारीक होती.”

“काकू रेघ कशी काढायच्या?”

“अजिबात दाब न देता. बाकावर आम्ही दोघं, असं चित्र आहे. मला पूर्ण काढलं आणि स्वतःची जागा कोरी ठेवून गेली.”

“मग जाड रेघेत काढा की काकूंना.”

“लठ्ठ दिसते म्हणून रुसेल.”

“बारीक निब फार हळू चालवावी लागेल.”

“चालवतो. घरी जाऊन दुसरं करायचंय काय?”