एका बटणासाठी

नाही, पण मला सांगा, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला भर वर्गात, चिमुरड्या पोरांसमोर, 'मामा, हात मांडीवर!' असं म्हणायचं? आणि म्हणणारी कोण? माझी सख्खी भाची! अहो, जिला या माँटेसरीत घालावं म्हणून मी ताईचं डोकं खाल्लं, भाऊजींशी भरल्या ताटावर भांडलो, ती! आता यात माझं काय चुकलं, सांगा!

भाऊजींचं एकच पालुपद. 'गृहपाठ नाही, परीक्षा नाही, पोर दिवसभर या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतते! एवढ्यासाठी शाळा कशाला? न्हाणीघरात बसवा की!' मी सांगून सांगून थकलो, म्हटलं, भाऊजी, मुलाच्या डोक्यात काही कोंबायचं नसतं, त्याचं त्याला करता यायला हवं, हाच तर सगळा हेतू! मोठ्यांनी फक्त मधे मधे लुडबुडायचं नाही! शेवटी ठरलं, एकदा वर्गात बसून बघायचं. पटलं तर ठीक, नाहीतर पोरगी सोमवारपासून कोपऱ्यावरच्या कडक शाळेत, तोंडावर बोट ठेवून बाकावर!

गेलो तिघंही. बाईंनी भिंतीलगतच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं, गुडघे हनुवटीला टेकलेले... आणि हळूच म्हणाल्या, 'बोलायचं नाही, मदत करायची नाही, हात मांडीवर.' मी मनात म्हटलं, बाई, हे मला सांगताय? मी हेच जगाला सांगत फिरतो!

आणि वर्ग... शांत! एवढी पोरं आणि शांत! मला धक्काच बसला. एक पोरगं खरा काचेचा ग्लास पुसतंय, एक चटई गुंडाळतंय, कुणी ओरडत नाही, कुणी रडत नाही. आणि आमच्या भाचीनं काय घ्यावं? बटणांची चौकट! म्हणजे लाकडी चौकट, तिला कापडाचे दोन पदर, बटणं लावायची आणि काढायची. बस्स! एक बटण... लावलं. दुसरं... जीभ बाहेर काढून... लावलं. आणि तिसरं घातलं चौथ्या काजात! शेजारी भाऊजी घड्याळ बघत पुटपुटतायत, 'हे घरीसुद्धा झालं असतं.' ताई माझ्याकडे डोळे वटारतेय. पोरीची अख्खी शाळा त्या एका काजात अडकलेली, आणि बाई? बाई खिडकीपाशी ढिम्म! अहो, मी नुसतं वाकून एक बटण सरकवलं... एकच! आता यात माझं काय चुकलं, सांगा!

तर पोरीनं माझा हात उचलला आणि भांडं फळीवर ठेवावं तसा अलगद माझ्या मांडीवर ठेवला. 'मामा, हात मांडीवर. माझं काम चाललंय.' आणि तुम्हाला सांगतो, सगळी बटणं काढली! मी लावलेलंसुद्धा! पुन्हा पहिल्यापासून!

अहो, हीच पोर घरी दोन्ही हात वर करून उभी राहते, फ्रॉक आईनं चढवायचा, बूट बाबांनी! भाऊजींनी आ वासला तो मिटेचना. पोरीनं शेवटचं बटण लावलं, चौकट जागेवर ठेवली आणि बापाकडे निरखून बघितलं. 'बाबा, तुमचं बटण चुकलंय.' खरंच! घाईत शर्टाची एक बाजू वर, एक खाली! 'तुम्ही लावा. मी मदत नाही हं करणार.' आणि समोर मांडी घालून बसली. आणि आयुष्यात कुणाचं म्हणून न ऐकणारे आमचे भाऊजी... मान खाली घालून, भर वर्गात, एकेक बटण काढून पुन्हा खालून लावतायत!

बाहेर आल्यावर भाऊजी घसा खाकरून म्हणाले, 'राहू दे हिला इथेच.' जिंकलो की हो मी! छाती फुगवून बाईंना विचारलं, 'मग, पुन्हा कधी येऊ बघायला?'

बाई गोड हसल्या. 'आईबाबांनी कधीही यावं. मामांची मात्र घाई नको करायला. प्रत्येक जण आपापल्या वेळेनं तयार होतो.'

झालो की कळवणार आहेत म्हणे.