ताडपत्रीखालची गाडी

जुन्या गाड्यांच्या दुकानात बाकावर बसलेल्या शिंप्यानं कान टवकारले. दारात मोटारसायकल लावून एक नर्सबाई मालकाला विचारत होती.

"या मॉडेलला काय भाव आहे?"

"ताई, हिला कुत्रं विचारत नाही."

"दहा वर्षं चालवतेय. एकदाही रस्त्यात बसली नाही."

"दिसायलाही धड नाही."

"मला काय तिचं लग्न लावायचंय? भाव बोला."

"भंगाराचा. कुठंही फिरा, वर दमडी मिळायची नाही."

"शब्द फिरवाल."

"या बाकावरच्यांना साक्षी ठेवून सांगतो."

"मग त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अशीच एक आहे, ती काढा. लेकीला हवीय."

"अहो, तुमची विकायची ना?"

"विकायची म्हणाले कोण?"

"ती कमी चाललेली आहे, ताई…"

नर्सबाईनं शिंप्याकडे पाहिलं. "काय हो, काय भाव म्हणाले हे?"

"भंगाराचा," शिंपी म्हणाला.