अर्धी घासलेली भिंत

(१९८७ साल. मलेशियातल्या पिनांगमधलं एक घर. चिनी नववर्ष तोंडावर आलंय. मागच्या खोलीची खडबडीत सिमेंटची भिंत फिरत्या चाकाच्या विजेच्या यंत्रानं गुळगुळीत करायचं काम चाललंय.)

लान : मी बाजारात काय गेले, अर्धी भिंत घासून मोकळा झालास! आणि चाकावरचं झाकण कुठंय?

तियोंग : काढलं. कोपऱ्यात शिरत नाही.

लान : चाक फुटलं तर तोंडावर येईल. चष्मा नाही, तोंडाला नुसता रुमाल. तुझे बाबा दगडखाणीत असाच रुमाल बांधून जायचे. कसे खोकत गेले, विसरलास?

तियोंग : बरं, भिंतीला पाणी मारतो. धूळ बसेल.

लान : हातात विजेचं यंत्र, पायाखाली पाणी. छान.

तियोंग : खरं सांग. पोटुशी बाई घरात असताना भिंतीला हात लावला तर बाळाला बाधतं म्हणतात, म्हणून घाबरलीयस ना?

लान : हळू बोल. धुळीलाही घाबरलेय आणि त्यालाही. दोनदा गेलं, तियोंग.

तियोंग : मग आईला सांगू. तीच काम थांबवेल.

लान : दोन्ही वेळा तीन महिने भरायच्या आत सांगून बसलो होतो. आता परत नाही.

तियोंग : गप्प. आलीच ती.

सासूबाई : यंत्र का थांबलं? सणाला माझी लेक आणि जावई येणार. त्यांना ही अशी भिंत दाखवू?

लान : सणानंतर करू ना, आई.

सासूबाई : का?

लान : धूळ फार होते.

सासूबाई : आधी माहीत असतं तर सुनेसाठी काचेचं कपाट करून घेतलं असतं. तियोंग, लाव यंत्र.

लान : नको. आई, नको ना.

सासूबाई : तुमच्या खोलीच्या दाराखाली ओलं फडकं कुणी कोंबलंय?

लान : मी.

सासूबाई : खिडकीलाही ओली चादर. आणि सकाळची कॉफी तशीच टाकलीस. वास नको झाला वाटतं.

तियोंग : आई, तिचं काय आहे—

सासूबाई : तू एक अक्षर बोलू नकोस. प्लग काढ.

तियोंग : अगं, अर्धी राहिलीय.

सासूबाई : राहू दे. मला अशीच आवडते. पाठ खाजवायला बरी.

(तीच भिंत. लान आता साठीच्या पुढे, सू यिन तिची मुलगी.)

सू यिन : आणि मी झाल्यावरही नाही घासलीत?

लान : लगेच तुझा भाऊ होता पोटात. मग आजी खरंच तिथं पाठ खाजवायला लागली, अगदी जाईपर्यंत. बाबांनी यंत्र विकून टाकलं. आता चष्मा घातल्याशिवाय खिळासुद्धा ठोकत नाहीत.

सू यिन : भाऊ सिंगापुरात जाऊन राहिला, भिंत मात्र तश्शीच. आता यंत्रालाच धूळ ओढायची नळी असते, आई. बुधवारी माणसं बोलावते. मी तेवढे दिवस मैत्रिणीकडे जाईन.

लान : तू कशाला जातेस?

सू यिन : सध्या धूळ सोसत नाही मला.

लान : मग राहू दे, बाळ. मला अशीच आवडते.